पाणी स्वच्छ निघालं तर…

हॅलो?

हॅलो… हो, नेलिदाच बोलतेय. कोण, फादर ऑरेलिओ? जरा मोठ्यानं बोला, मी पुलाखालच्या खडकावर उभी आहे. गावात इथंच काय ती रेंज मिळते, आणि नदी सगळ्यात जास्त बडबड करते तीही इथंच.

हो, केव्हाच उठलो सगळे.

नाही, अजून नाही बघितला.

फादर, नाही बघितला म्हणतेय ना. पांढरा रुमाल रात्रभर पाण्यात ठेवायचा, आणि उन्हं पुलाच्या दुसऱ्या कमानीला टेकली की काढायचा; पांढराच निघाला तर पाणी धुण्याजोगं. आईचा नियम. तुम्हीच मला तो समजावून सांगितला होतात… हो, तुम्हाला तिनं सांगितला होता, तेच ते.

तिचा रविवारचा रुमाल. दगडाखाली ठेवलाय. बांधलाय पण.

कशानं बांधला? …सांगू? रागावायचं नाही. तिच्या कमरेच्या दोरानं. हो, तोच, तीन गाठींचा… अहो, संत फ्रान्सिसचा दोर आहे हे मलाही माहीत आहे. पण तुम्ही त्यांच्या भक्तसंघात घेऊन तिच्या कमरेला बांधलात, तेव्हापासून तिनं त्यानं काय नाही बांधलं? लव्हाळ्याच्या रोपांच्या जुड्या बांधल्या. शेळी बांधली. एकदा तुमच्या ट्रकचं दार बांधलं होतं, विसरलात? घरी येऊन म्हणाली, ‘फादरना तो नुसता लटकवायला आवडतो.’

हसलात. बरं वाटलं. दफनाच्या दिवशी तुम्ही नव्हता, फार चुकल्यासारखं झालं. पायाचं प्लास्टर काय म्हणतंय?

…या वयात कोंबडी उतरवायला छपरावर चढल्यावर दुसरं काय होणार?

हो, त्या नव्या फादरनी छान केली दफनाची मिस्सा. आईचं नाव तेवढं दोनदा चुकले. सातुर्निनाचं सेराफिना केलं. आई असती तर मिस्सा थांबवून दुरुस्त केलं असतं.

मी? मी ठीक आहे.

ठीक आहे म्हणजे… आज काठावर बसून राहायचंय नुसतं. एर्मेलिंदा मावशीनं बजावलंय. पाचव्या दिवसाचं धुणं सोयऱ्यांनी धुवायचं, मुलीनं पाण्याला हात लावायचा नाही. मुलीच्या हातून कपडे सुटत नाहीत म्हणे. आणि कपडे सुटले नाहीत की माणूस सुटत नाही, दारातच घुटमळत राहतो… तुमच्या किनाऱ्यावर नसेल हो अशी रीत. आमच्याकडे वर डोंगरात आहे.

सगळं आणलंय. तिचे सहा झगे, शाल, दोन्ही हॅट. पातेल्यात मका शिजतोय. चघळायची कोकाची पानं सगळ्यांना वाटून झाली. उसाची दारू मावशीच्या ताब्यात आहे, म्हणजे सुरक्षित आहे किंवा संपली आहे.

आता फक्त बाबांच्या गाठोड्याची वाट बघतोय. पाठवलंत ना ते सकाळच्या व्हॅननं?

काय झालं? …फडताळाची किल्ली?

पुन्हा हरवली? आई म्हणायचीच, तुम्ही दर गुरुवारी ती किल्ली हरवता म्हणून. अहो, कमरेच्या दोरालाच बांधा ना, काहीतरी उपयोग होईल त्याचा.

…नाही, अजून ऊन आलं नाही कमानीवर.

नाही दिसत हो, रुमाल दगडाखाली आहे. नारिंगी झालाय की नाही ते इथून कसं सांगू?

अहो ऐका ना. पुढच्या महिन्यात कसं करता येईल? पाचवा दिवस आज आहे. …पावसानंतर? पावसानंतर काय नदी जास्त पवित्र होते?

आईचे आज आणि बाबांचे मागाहून? फादर, असं तुम्ही बोलताय? बाबा गेल्यापासून अकरा वर्षं त्यांचे कपडे न धुता तुमच्या मठाच्या फडताळात ठेवलेत ते कशासाठी? आमचं छप्पर गळतं म्हणून तुमच्याकडे, पण धुवायचे राहिले ते कशासाठी? तुमच्यासमोरच म्हणाली होती ती. हा माणूस ह्या नदीत पोहायला शिकला, ह्याच नदीत धुवेन. खाणीच्या गंजलेल्या पाण्यात नाही, आणि डोंगरापलीकडच्या परक्या ओढ्यात तर नाहीच नाही. सगळं गाव मेलेल्यांचे कपडे पाठीवर टाकून डोंगर ओलांडायचं, आणि ही हटून बसली. शेवटच्या आठवड्यातही मला काय म्हणाली? ‘मी एकटी जाणार नाही. तुझ्या बापाला घेऊन जाईन.’ मी हो म्हटलंय तिला. दुसरं काहीच मागितलं नव्हतं तिनं.

…हो. म्हणून विचारतेय, गाठोडं कुठंय.

रुमालाचं काय सारखं? एक विचारू? तुम्हाला पाणी खराब निघायला हवंय की काय आज?

नाही कसं! मघापासून चौथ्यांदा विचारलंत, नारिंगी आहे का, नारिंगी आहे का, आणि आवाजात आशा आहे तुमच्या. मी मुलांच्या तोंडी परीक्षा घेते फादर, उत्तर येत नसलं की आवाज कसा होतो ते ओळखते मी.

थांबा. ऊन आलं.

…मावशी हाक मारतेय. थांबा हं, ठेवू नका. फोन खिशात टाकते.

…

…

हॅलो. आहात?

पांढरा आहे.

ऐकलंत का? पांढरा आहे, फादर. काठाला किंचित पिवळट, पण तो डाग जुना आहे, रश्श्याचा. बाकी पांढरा. गेल्या वर्षी विटेसारखा निघाला होता, तुम्हीच पिळून बघितला होतात.

नाही, मी नाही रडत. मावशी रडतेय. मी फोनवर आहे.

…फादर?

काय म्हणालात?

‘अरेरे’? मी नीट ऐकलं ना? खाणीचं पाणी निवळावं म्हणून अकरा वर्षं त्या ढिगाऱ्याखाली तुम्ही दोघांनी चुनखडीचे चर खणलेत. तळी करून लव्हाळी लावलीत, ती वाळली, पुन्हा लावलीत. राजधानीत जाऊन मंत्रालयाच्या पायऱ्यांवर तिच्याबरोबर उकडलेले बटाटे खात बसलात. आणि आज नदी स्वच्छ निघाली तर संत फ्रान्सिसचा माणूस म्हणतो ‘अरेरे’?

काय झालंय, सांगा बघू.

…गाठोडं आहे ना?

‘बहुतेक’ म्हणजे? गाठोडं बहुतेक कसं असेल?

शर्ट आहे. बरं. विजार आहे. टोपी आहे, कानपट्ट्यांची. …मग?

पोंचो?

फादर, बाबांचा लोकरी पोंचो कुठंय?

…दिलात.

कुणाला दिलात?

…

आहे मी, ऐकतेय. पोलिसाला दिलात. पुन्हा सांगा, म्हणजे माझा विश्वास बसेल.

ज्या वर्षी आम्ही ह्या पुलावर बसलो होतो त्याच वर्षी? खाणीचे ट्रक परत वर जाऊ नयेत म्हणून? माझी आई पहिल्या रांगेत, मांडीवर प्रार्थनेची माळ. आणि समोर ढाली घेऊन जे उभे होते, त्यांच्यातल्या एकाला तुम्ही माझ्या बाबांचा पोंचो दिलात?

…मठातल्या घोंगड्या संपल्या म्हणून. कळलं. लोकरीचं दिसेल ते ट्रकमध्ये टाकून आणलंत, फडताळातलं गाठोडंसुद्धा. ते कळलं. आमच्या लोकांना वाटून झालं आणि हातात एवढंच उरलं… पण मग ते उरू द्यायचं ना हातात!

ओठ निळे पडणारच हो त्याचे. तुमच्याच किनाऱ्याकडचा असणार, पातळ गणवेशात पाठवलेला. त्याला थंडी वाजत होती यावर माझा आक्षेप नाही.

हो. थंडी कुठल्या बाजूची आहे हे विचारत नाही, माहीत आहे. ते वाक्य मी तुमच्या प्रवचनात तीनदा ऐकलंय.

…नाही, चिडले नाही. म्हणजे, चिडलेय. पण थांबा जरा, मला नीट चिडू द्या.

आईला सांगितलंत?

सहा वर्षांत एकदाही नाही? दर गुरुवारी ती तुमच्यापुढे गुडघे टेकून शेजारणीबद्दल काय वाईट बोलली ते सगळं कबूल करायची. तुम्ही ऐकून घ्यायचात, वर प्रायश्चित्त द्यायचात. आणि तुमचं हे एवढं मोठं फडताळात कुलूपबंद!

म्हणून तिनं गाठोडं बघायला मागितलं की किल्ली हरवायची दर गुरुवारी. आत्ता कळलं.

आणि ऐका, देण्याबद्दल नाही म्हणत मी. रीत तशीच आहे आमची. धुवायचं, वाळवायचं, आणि चांगलं असेल ते कुणाच्या तरी अंगावर घालायचं. आधी धुणं, मग देणं. तुम्ही क्रम चुकवलात, फादर. न सुटलेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून दिलात.

…कुठंय तो आता? पोलीस. निदान नाव तरी माहीत आहे?

एल्मेर. कुठला एल्मेर? …कोण आमचा एल्मेर?

व्हॅनवाला एल्मेर?

तो पोलीस होता?

…थांबा. थांबा, फादर. बोलू नका.

तपकिरी. लाल काठाचा. गाडी चालवताना एक बाजू खांद्यावर टाकतो तो.

मी गेली पाच वर्षं त्याच व्हॅननं शाळेत येते-जाते. मागच्या सीटवर. पुस्तकात डोकं घालून.

…आणि आई पुढं बसायची.

नाही, ऐका, तुमच्या लक्षात येत नाहीये. दर गुरुवारी तुमच्याकडे येताना ती पुढच्या सीटवर बसायची, एल्मेरच्या शेजारी. कुणालाही बसू द्यायची नाही तिथं. एकदा सरपंचाला उठवून मागं पाठवलं होतं तिनं. मला वाटायचं, वळणावर तिला मळमळतं, म्हणून. एका सोलच्या भाड्यात राजासारखा प्रवास करते, म्हणून मी चिडवायचेसुद्धा तिला.

स्वतःच्या हातानं विणलेला पोंचो तिला ओळखू येणार नाही होय?

आणि अजून एक. त्याच्या काठाला हिरव्या दोऱ्यानं रफू केलंय. भाडं देताना दिसायचं मला, लाल काठावर हिरवा दोरा, कुणी केलं असेल असं, म्हणून. तुम्ही तर नाही केलंत? …तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही, तेही माहीत आहे. हिरवा दोरा आमच्या घरातला आहे, फादर. तिच्या डब्यात अजून अर्धं रीळ आहे.

नाही, मला नव्हतं सांगितलं. कुणालाच नव्हतं.

तुम्हाला का नाही बोलली? …मजा बघत असणार. खरंच सांगते. गुरुवारी घरी आली की शाल काढता काढता म्हणायची, ‘आज पुन्हा किल्ली हरवली त्यांची.’ आणि हसत बसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला कळायचं नाही, किल्ली हरवण्यात एवढं हसण्यासारखं काय आहे.

…हॅलो? फादर?

रडा. मी थांबते. बिल तुमचं चढतंय.

…

माफी माझ्याकडे कशाला मागता? तिनं केव्हाच करून टाकलंय ते, हिरव्या दोऱ्यानं. माझं काय उरलं त्यात.

पण एक खरं सांगते. मी तिला हो म्हटलं होतं. आज बाबांचा पोंचो पाण्यात गेला नाही, तर ती नाही निघणार. ती किती हट्टी होती ते तुम्हाला…

काय?

पोंचो घेऊन यायला कधी सांगितलंत त्याला?

आज सकाळी? माझ्याशी बोलायच्या आधी? मग मघापासून नारिंगी-नारिंगी काय लावलं होतंत?

…पाणी खराब निघालं तर वाचलो, म्हणून. वा. हा माणूस गावाला सत्यावर प्रवचनं देतो.

हॉर्न वाजला. ऐकू आला तुम्हाला? थांबा… हो, तीच व्हॅन. पुलावरच उभी केली. प्रवासी सगळे कठड्यावरून वाकून बघताहेत, कोंबड्यांच्या टोपल्यांसकट.

उतरला. पायवाटेनं खाली येतोय. हातात गाठोडं आहे. पोंचो अंगातच आहे.

थांबलाय. दहा पावलांवर. बायकांकडे बघत उभा आहे.

मावशी उठली.

बापरे. मावशी त्याच्याकडे निघाली. हातात काठी आहे, पण ती टेकायची आहे. बहुतेक.

…कॉलर बघतेय पोंचोची. उलटी करून. आता काठ बघतेय. हिरव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

…

सांगते हो, थांबा ना! तिनं त्याच्या डोक्यावरून पोंचो काढला. लहान मुलाचा काढतात तसा, हात वर करायला लावून. तो वाकला बिचारा, केवढा उंच आहे. आणि आत काय घातलंय माहीत आहे? अर्ध्या बाहीचा शर्ट. ह्या थंडीत. सहा वर्षं इथं राहिला, लग्न केलं, पण थंडी म्हणजे काय ते नाही शिकला तुमच्या किनाऱ्यावरचा माणूस.

ओठ निळे? …हो, पडताहेत.

एक मिनिट.

…

हं. माझा कोट दिला त्याला. बाह्या कोपरापर्यंतच येतात. शेकोटीपाशी बसवलंय, मावशीनं दारूचा पेला दिला, म्हणजे शिल्लक होती. गाडी चालवायचीय म्हणतोय. ती म्हणतेय, वाळेपर्यंत कुठं जातोस, गुपचूप बस.

वाळला की त्यालाच द्यायचा. नाहीतर कुणाला? आता क्रम बरोबर होईल.

…हो, घातला पाण्यात. दोघांचे एकत्रच. आईची शाल आणि तो. रंग सुटतोय थोडा लोकरीचा, तपकिरी. पाण्याचा नाही हो, लोकरीचा! घाबरू नका. पाणी स्वच्छ आहे.

नाही. मी काठावर आहे. हात नाही लावलेला.

फादर, तिच्या शालीला चुलीच्या धुराचा वास होता. सकाळपर्यंत होता.

…हो.

हो, माहीत आहे.

चला, ठेवते. मका झालाय, मावशी खुणा करतेय. प्लास्टर भिजवू नका. आणि कोंबड्यांना त्यांच्या त्यांच्या उतरू द्या. …किल्ली? किल्ली आता हरवा खुशाल, फडताळात काही नाही.

परत? उद्या सकाळीच. शाळा आहे.

एल्मेरच्याच व्हॅननं, दुसरं काय आहे ह्या रस्त्याला?

…नाही, फादर. पुढं बसेन.