उणे तीनची फुगडी

...आन् तपासली काय, तर टाच! हाडं बघायची तर मानसानं पाठ बघावी, मनगाट बघावं... गावात हाडं तपासायचं शिबिर आल्तं, त्यातल्या पोरीनं माझी टाच मागितली. पेटीत घातली, गारगार काहीतरी चोपडलं, पेटी गुरगुरली आन् चिठ्ठी बाहेर... उणे तीन! तुमाला सांगते, शाळंचं तोंड न्हाई बघितलं मी, पोरांच्या पाटीवरनं शिकले, पर उणे म्हंजी काय एवढं कळतंय मला. शून्याच्याबी खाली! मग मी उभी कशावर हाय, बाई?

आन् आमचे मालक! जन्मभर पारावर बसून पत्ते कुटले. त्यांची टाच बघून डॉक्टरीणबाई कशा गोड, "वा आजोबा, वयाच्या मानानं छान हाडं आहेत हो!" छान असनारच की, वापरलीत कुठं? कोरी करकरीत! आन् मी उसाच्या मोळ्या वाहिल्या, चार पोरं पोटात वाढवली, दूध पाजलं... न्याय हाय का ह्यो?

तसं म्हनले तर बाई हसली. "आजी, उलटं आहे. कष्ट केलेत म्हणून एवढी तरी टिकली. हाडं तिशीपर्यंत भरतात, मग उतरायला लागतात. पुरुषांची मुळात जाड, उतरतात संथ. बायकांची मात्र पाळी गेली की काही वर्षं भराभर उतरतात." मालक मिशीत हसले. बाई त्यांच्याकडं वळली, "सत्तरीनंतर तुमचंही घसरतंच हं, आजोबा." "घसरतंय म्हंजी?" मालक म्हनले, आन् खुर्चीचा हात घट धरला!

मी इचारलं, "उणे कुनापरीस?" "तिशीच्या तरण्या बाईपेक्षा." "कोन ती? गाव सांगा तिचं!" अहो, तिशीची बाई हुते की मीच! डोक्यावर मोळी, काखंत पोर, आन् बांधावरनं अशी उतरायची जशी उतारावरनं गाडी! मलाच माझ्याशी लावून कमी ठरवती ही पेटी... न्याय हाय का ह्यो?

बरं, तेबी सोसलं असतं. पर पंचमी आलेली. पंचमीला लंकी येती... लंकाबाई, माझी लहानपनची गडीन. तिला दिली कोपरगावला, मला गावातल्या गावात. दर पंचमीला ती माहेराला येती ती काय भावाच्या साडीसाठी? न्हाई! माझ्यासंगं फुगडी घालायला. काय दिस हुते, सांगू! लिंबाला झोका, भिजल्या मातीचा वास, आमी दोघी हाताची आढी घालून मागं रेलायचो, वेण्या सुटून गरगर, बांगड्या खळ्ळकन, तोंडानं फू-फू... घरं, झाडं, सासवा, समदं एक व्हायचं. फुगडीत भार अंगावर ठेवून चालत न्हाई, समदा समोरचीच्या हातात टाकायचा. एकदाबी सोडलं न्हाई लंकीनं.

डॉक्टरीणबाईला इचारलं, "फुगडी चालंल का?" तिनं डोळं मोठं केलं. "आजी! पडलात तर खुबा मोडेल. पडायचं नाही अजिबात!" मी काय हौसंनं पडते का? सून शुभांगी संगं हुतीच. झालं! "आत्याबाई, यंदा नुसतं बघायचं." बघायचं! बसून! मालकांसारखं!

पंचमीला दुपारी लंकी आली. वाळली हुती, पर ऐट तीच. "माले, उठ!" मी काय तिला रिपोर्ट सांगू? मेले तरी न्हाई. शुभांगी पुरनाला गुतली, मी सटकले. लिंबाखाली हातात हात घातलं, पाय जुळवलं... आन् मी रेलंना. मी पडले आन् संगं ह्या लंकीचाबी खुबा मोडला तर? तर लंकीबी रेलंना!

"माले, हात ढिला का गं धरला?"

"तू का ढिली?"

"मी तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय?"

तशी लंकी हळूच म्हनती, "तुमच्या गावातबी आल्ती का टाचंची पेटी?"

"आल्ती."

"आकडा किती निघाला?"

"उणे तीन."

"माझा साडेतीन!" म्हनून छाती काढली की हो तिनं! पहिल्यापास्नं पुढंच जायचं!

असं हसलो, असं हसलो, डोळ्यातनं पानी... मग घातली फुगडी. पावलाफुडं पाऊल ठेवून, देवळाला फेरी घालत्यात तशी. बांगडीनं हूं केलं न्हाई. पर शेवटाला लंकीनं हात घट केला, मी कळत न कळत मागं झुकले... आन् घडीभर लिंब फिरला, बरं का! माझ्यासाठी फिरला त्यो.

आन् नात संस्कृती मोबाईल धरून उभी! कार्टीनं त्यो व्हिडिओ पळवून, दहापट जोरात करून गावभर धाडला. त्यात आमी दोघी भिंगरी! पारावर नुसता गलका, "मालनबाई लई भारी!" चहा पाजला पोरांनी मालकांना. शुभांगीनं बघितला, डॉक्टरीणबाईनंबी बघितला, फोनवर वरडली, "महिनाभर ओट्याखाली पाय ठेवायचा नाही!" तवापास्नं हितंच बसलेय, सून राखन करती.

आता "अगं बाई, आमी मुंगीसारख्या फिरलो," एवढं म्हनलं की आजच्या आज सुटका हाय माझी... पर म्हनायचं कोनी?