मनात वाचता न येणारं पुस्तक

बाळ नुकतंच खांद्यावर झोपलं होतं. त्याला जाग येऊ नये म्हणून मी तुळजापूर स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी न हलता उभी होते. एक आजोबा स्टॉलवाल्या ताईंशी बोलत होते.

“नातीसाठी पुस्तक द्या, ताई. सातवीत हाय.”

“हे न्या, जंगलातल्या सफरीचं. या वयाच्या मुली एका बैठकीत संपवतात.”

“तसलं नगं. आमची हर्षाली आवाज न करता संपवती.”

“म्हणजे?”

“आधी मोठ्यानं वाचायची. म्या शेजारी बसून ऐकायचो. आता मनातच वाचती. ओठसुदिक हलत न्हाईत.”

“चांगलंय की, आजोबा. मोठी झाली.”

“व्हय, पर मला कुठं वाचता येतंय? मागल्या पुस्तकातलं पोरगं हिरीत उतरलं, ते चित्रात दिसलं; पर वर कसं आलं, काय कळंना.”

“तिला विचारायचं.”

“इचारलं की. ‘आलं दोर धरून’ म्हणली. संपलं!”

“मग कसलं देऊ?”

“मनात वाचता येणार न्हाय असलं.”

“असं पुस्तक कुठं असतं, आजोबा?”

“मला काय ठावं? दुकान तुमचं हाय.”

ताई बराच वेळ पुस्तकं वरखाली करत राहिल्या.

“हे बघा, कोड्यांचं. कोडं कुणाला तरी घालावंच लागतं.”

“अन् मला उत्तर आलं तर?”

“ती दुसरं घालेल.”

“न्हाय आलं तर?”

“उत्तर सांगेल.”

“मग जिंकायचं का हरायचं, ताई? कशानं जास्त येळ बसंल ती?”