रश्मीचे खडे

— नाई, रश्मी घरी नाई, बाजारात गेली, येईनच आता — बसा न वो ताई. मी तिची मोठी जाऊ, रीता. चंद्रपूरच्या दवाखान्यातून आल्या म्हंता? नऊ वर्साआधीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची चौकशी करायले? अजूनबी? म्हंजे पित्ताची पिशवी काढली तिची, अन् इतक्या वर्सानं घरपोच विचारपूस, तेबी तिलेच! आमी बाळंतपणं केली, कोनी फिरून पाह्यलं नाई. विचारा, मीच सांगतो. डाग? दिसतच नाई. तीन बारके, मुंगी चावल्यावानी, अन् चौथा बेंबीत लपला — तिचं नशीबच तसं हाय. जेवन? तिले काय होते! मटनाचा रस्सा ओरपते, भजे खाते, अन् वरून मलेच म्हंते, "बाई, तुमी काऊन खात नाई?"

तवाचं सांगतो, ऐका. डाक्टर म्हने, हिच्या पोटात खडे हाय. आमच्या सासूनं, बायनाबाईनं, घरी येऊन पयला सवाल काय केला? "तांदूळ कोन निवडते?" तांदूळ मी निवडो! झालं! माह्या हातून राह्यलेले खडे धाकटीच्या पोटात गेले म्हने. तोच भात सारं घर खाये, पन खडे रश्मीलेच! डाक्टर हसले, पन सासू मानते का? मंग रश्मीले पेज, रश्मीले मुगाचं वरन, रश्मीनं कळशी उचलाची नाई, पोट फाडलेली पोरगी हाय — फाडलं कुठी, भोकं पाडले! मले नाई सहन होत, खरं सांगतो. अजूनबी तिनं कळशी उचलली का सासू माह्याकडंच पाह्यते.

काय? दुखते का? दुखते न! लिहा. उजव्या बरगडीखाली कळ धरते, तेलकट खाल्लं का जास्तच, पाठीतून खांद्यापर्यंत जाते, मंग उलटी — परवा तं चुलीपाशीच बसली, पदर दातात धरला, कोनाले समजू देल्लं नाई मी... थांबा, थांबा. रश्मीच्या नावावर लिहून राह्यल्या का? खोडा ते. तिचं नाई. तिले काईच नाई.

बरं, माह्यं हाय. चुपचाप सोनोग्राफी केली, खडेच निघाले. लवकर काढा म्हने. पन घरात सांगू कशी? धाकटीचं पाहून थोरलीलेबी कौतुक पाह्यजे झालं, असंच म्हनतीन. अन् मंग माह्यं करन कोन? रश्मी! उशाशी बसन, केस विंचरून देईन, हातानं पेज पाजन — चांगली हाय न वो ती, हेच तं! वाईट असती तं माह्यं मन हलकं झालं असतं. तिच्या हातची पेज मी पेईन? त्यापेक्षा कळ बरी.

असं पाहू नका माह्याकडं. लिहा — रश्मी, तब्येत एकदम चांगली. अन् तिले काई बोलू नका, पाया पडतो तुमच्या. फाटक वाजलं. आली.

— काई नाई व रश्मी, दवाखान्यातल्या ताई हाय, तुह्यी तब्येत विचारायले आल्या. तुह्यीच. माह्यं काय राह्यते व, बसून बसून पाठ धरली फक्त. — जा न ताई तुमी, झालं न तुमचं. जा.