घायपातीच्या पानावर

इंदापूरच्या फोटो स्टुडिओत ताईबाई लेकाचे नोकरीच्या अर्जाचे फोटो न्यायला आली होती. बाकावर शेजारीच एक बाप आणि त्याची कॉलेजातली लेक नुकतेच धुऊन मिळालेले फोटो बघत बसले होते.

“सगळा रोल घायपातीवर घालवलास व्हय गं उजे?”

“स्पर्धेला हायती आण्णा. भिंग लावून काढल्यात. काटं बघा, करवतीवानी दिसत्यात.”

“आन् ह्या पानावर ही नक्षी कसली?”

“किडीनं खाल्लं आसंल.”

“कीड शाळंत गेलती व्हय? काट्यानं कोरल्यालं हाय. हितं उज्ज्वला. आन् खाली बु... द्ध...”

“द्या इकडं! लोक बघत्यात.”

“बघू दे. कोण हाय ह्यो बुद्धघोष?”

“मला काय ठावं?”

“बरं. मंग मीच हुडकतो. आसली नावं काय घरोघरी न्हाईत.”

तेवढ्यात आतून स्टुडिओवाल्याची हाक आली, “बुद्धघोषचे फोटो तयार झालेत! न्यायला कोण आलंय?”

बाप ताडकन उठला. दुकानात तिसरं माणूस एकच होतं.

“मावशी, तुमी कुणाचं फोटू न्यायला आलाय?”

“न्यायला न्हाय बाबा. माझाच काढायचा हाय,” ताईबाई म्हणाली, आणि पदर सारखा करून कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसली.