बाळाबाईंच्या निरोपाला एका बापाची विनंती

सन्माननीय अध्यक्ष पाळकसाहेब, व्यासपीठावरील मिशनच्या मडमसाहेब, मंडळीचे पंच आणि सोलापुरातल्या माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

आज आपण बाळाबाईंना निरोप देण्यास जमलो आहोत. सव्वीस वर्षे त्यांनी या शहरात घरोघर जाऊन सुवार्ता सांगितली. येत्या शनिवारच्या गाडीने त्या बार्शीला भावाकडे निघणार आहेत. गौरवाचे चार शब्द मी बोलावेत असे पंचांनी ठरवले. मी ते लिहून आणलेही. पण त्यातले ‘बाळाबाईंकडून आम्ही सहनशीलता शिकलो’ हे वाक्य मला वाचवत नाही.

दरसाल कुटुंब-सप्ताहात ‘घरातील सहनशीलता’ या विषयावर व्याख्यान कोण देतो? मीच. आणि माझी मुलगी सलोमी गेली चार वर्षे कोणाच्या घरी राहते? बाळाबाईंच्या! हे सर्वांना ठाऊक आहे, फक्त माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही.

झाले ते सांगतो. सलोमी तेव्हा पंधरा वर्षांची. आमच्याकडे पाहुणे जेवायला होते. जेवणाआधी मी तिला बायबलातला सहनशीलतेचा अध्याय तोंडपाठ म्हणायला लावला. ती अडखळली. ‘पहिल्यापासून!’ मी म्हणालो. पुन्हा अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. अकरा वेळा, मंडळी! भात निवला, पाहुणे ताटाकडे बघत बसले आणि बाराव्या वेळी मी छडी उचलली. पोर उठली ती तडक बाळाबाईंकडे गेली. आई नसलेली पोर, दुसरीकडे कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी बाळाबाई दारात उभ्या. ‘मास्तर, पोरीला न्यायला या. पर छडी घरी ठिवून या.’

‘आधी तिने अध्याय पुरा म्हणावा!’

‘तिला सोसाया येतंय की. तुमास्नी कवा येनार?’

मी दार लावून घेतले. चार वर्षे! अंतर किती, तर दोन गल्ल्यांचे.

होय अध्यक्षमहाराज, घड्याळ मलाही दिसते आहे. आटोपतो.

आता सलोमीही बाळाबाईंबरोबर बार्शीला चालली आहे. हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. परवा त्यांच्याकडे गेलो, छडी घरी ठेवून रिकाम्या हातांनी गेलो. ‘तिला घरी पाठवा,’ म्हणालो. बाळाबाई म्हणाल्या, ‘म्या कोन पाठवनारी? तुमीच इचारा की. पर हुकूम नगं.’ सलोमी आत चुलीशी होती. चाळीस मुलांच्या वर्गात चालणारी माझी जीभ तिथे उचलेना. तसाच परत आलो.

तिचा अपमान मी चारचौघांत केला, तेव्हा चूकही चारचौघांतच कबूल करतो. सलोमी, तू त्या बाकावर बसली आहेस. घरी येतेस का? शनिवारच्या आत सांग... नाही, चुकलो. तुला सुचेल तेव्हा सांग. बार्शीहून कळवलेस तरी चालेल. मी थांबेन.

बाळाबाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. अध्यक्षांचे आणि मंडळीचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल तर सभेने पोटात घालावे. सलोमीने घालावे असे मात्र मी म्हणणार नाही. ते तिचे तिने ठरवावे.