चौकटीतली खाच

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपल्या वनस्पती उद्यानाचे संचालक साहेब, छायाचित्र मंडळातले नवे सभासद, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले माळीबंधू,

माझे यजमान या उद्यानाची रोपवाटिका सव्वीस वर्षं सांभाळत होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. फिल्मवर डोंगर आणि झाडं टिपायचा छंद त्यांचा, मी सोबतीला. परवा साहेबांचा फोन आला, "वहिनी, नवशिक्यांना दोन शब्द सांगा. त्यांचा कॅमेराही आणा, शोभा येईल. फक्त भावुक होऊ नका हं." नाही होत.

तर नवशिक्यांनो, रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात. आधी पाहा, मग दाबा. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. म्हणून प्रकाश मोजायचा तो सावलीतल्या गवतावरून, आभाळावरून नव्हे. आभाळावरून मोजलात की डोंगराचा कोळसा होतो. आमचा पहिला अख्खा रोल कोळसा होता. हे म्हणाले, "घे, शेगडीची सोय झाली."

रोपाच्या बाबतीत खरा वैरी वारा. पान हललं की संपलं. कुणीतरी वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून बसावं लागतं. मी बसायचे. हे म्हणायचे, "श्वास रोख." मी म्हणायचे, "अहो, रोपाचा फोटो काढताय की माझा जीव घेताय?"

दाराशी मला साहेबांच्या नव्या फोटोंच्या पुस्तकाची प्रत मिळाली. पान चाळीसवर पिवळं रानफूल आहे. त्याच्या खाली सावलीची एक गोल कड दिसते. ती छत्रीची. साहेब मघाशी म्हणाले, ही चित्रं म्हणजे माझी एकट्याची भटकंती. मग साहेब, आपली छत्री कोण धरत होतं?

चिठ्ठी पाठवू नका, माझं आटोपत आलंय.

हे गेल्यावर पंधरा दिवसांनी साहेब घरी आले होते. "निगेटिव्हचा डबा द्या वहिनी, घरी बुरशी लागेल. संस्थेत सुरक्षित राहील." मी दिला. वर पदरानं पुसून दिला. नंतर तीनदा परत मागितला, तीनदा उत्तर आलं, "शोधतोय." आज सापडला, या पुस्तकात. एक्क्याऐंशी फोटो, आणि खाली नाव एकच, ते ह्यांचं नाही.

आता शेवटचा सल्ला, तो लिहून घ्या. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की फिल्म बसते तिथे चौकोनी खिडकी दिसते. तिच्या कडेला कानशीनं बारीक खाच पाडा. ह्यांनी माझी नखं घासायची कानस घेतली होती. मी ओरडले, "नव्या कॅमेऱ्याची वाट लावताय?" म्हणाले, "लॅबमधून रोल बदलून येतात गं. पोराच्या गालावरचा तीळ समज. गर्दीत ओळखता येईल."

त्या खाचेतून थोडं चित्र कडेच्या बाहेर सांडतं. फोटोभोवती काळी कड ठेवून छापलं, तर तिच्यात एक इवला दात दिसतो. साहेबांना ती काळी कड फार आवडली. ती कापली असती, तर आज माझ्याकडे बोलायला काय होतं? त्यांनी एकाही पानावर कापली नाही. एक्क्याऐंशी पानं, एक्क्याऐंशी दात. मागच्या रांगेत बसून मी मोजले.

साहेब, चौतीस वर्षं आपण प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावलीत. चुकीची पाटी लागली म्हणून माळ्यांना सर्वांदेखत बोललात. ही पाटी कोण बदलणार?

मला डबा हवा, आणि फोटोंखाली ह्यांचं नाव. दाराशी प्रतींचे गठ्ठे आहेत, बहुतेकांची सुतळी अजून सुटलेली नाही, नावाची पट्टी आताही चिकटवता येईल. तोवर कॅमेरा इथे टेबलावर उघडा ठेवते. आत फिल्म नाही, त्यामुळे उजेडाची भीती नाही. अध्यक्ष महोदय, खाच बोटाला लागते. आधी आपण पाहा, मग साहेबांकडे द्या.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. मी शाळा फारशी शिकलेली नाही. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. पुस्तकातलं मात्र घालू नका.