तांदळाएवढ्या पाखराचं नाव

...आणि वर म्हणतात, एका ओळीत खुलासा करा. ऐकलं का? एका ओळीत. पाखरू तांदळाच्या दाण्याएवढं, त्याचं वर्णन मी सतरा पानं केलं, डोळे, मिशा, पंखांवरचे तीन करडे पट्टे, मागच्या पायावरचे केस, एकेक केस भिंगाखाली मोजला, त्याबद्दल मासिकाच्या संपादकांची पत्रात काही तक्रार नाही. तक्रार कशाची, तर जिल्ह्याची आणि नावाची. तीस तारखेच्या आत उत्तर नाही गेलं तर लेख परत. लेख परत आला की उद्या कुणीही हे पाखरू धरेल, आपल्या साहेबाचं नाव देईल आणि ते कायमचं, कारण शास्त्राचा नियमच तसा, जे नाव आधी ते खरं.

तुम्हाला सांगतो, मी लातूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, तेवीस वर्षं झाली, पण हे पाखरू काही मी शोधलं नाही. आमच्या मंडळींनी शोधलं. रोज सकाळी लिंगपूजेला अंगणातल्या बेलाची पानं खुडायची, आणि छिद्राचं पान देवाला चालत नाही, ते बाजूला. मागच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून बेलाला पानंच मोजकी, त्यात निम्मी छिद्रांची, जाळ्यानं एकमेकांना चिकटलेली, आत बारीक अळ्या. दुसरी बाई असती तर झाडाला बोलली असती, नाहीतर नवऱ्याला. हिनं ती पानं लोणच्याच्या बरणीत घातली, वर चिंधी बांधली, आणि अकराव्या दिवशी बरणी माझ्या टेबलावर.

"हे तुमच्या पुस्तकात हाय का बघा."

बघितलं. कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पाच पाखरं काचेवर धडका देत होती, तेव्हा मला त्यांचं काही वाटलं नाही... आता वाटतं. सध्या मीच त्या बरणीत आहे.

पाचही टाचणीला लावली. खाली चिठ्ठ्या हव्यात, माझं अक्षर डॉक्टरचं, म्हणून तिनं लिहिल्या. बेल, अंगण, लातूर, जिल्हा उस्मानाबाद. अहो, लातूरचा वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं होत आलेली! कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, नळाला आठ दिवसांनी पाणी तेवढं जुन्यासारखंच राहिलं. सवयीनं लिहून गेली. मी हसलो, तर म्हणते, "नाव बदललं म्हणून गाव सरकलं का?" ऐकलं का?

चिठ्ठीचा मजकूर लेखात जसाच्या तसा द्यावा लागतो, तो दिला. आता संपादक विचारतात, चिठ्ठीत उस्मानाबाद, लेखात लातूर, खरं काय? चुकीच्या चिठ्ठ्या काढून नव्या लावाव्यात. कशा लावू? ती श्रावणात गेली. पुन्हा लिहून घ्यायची सोय राहिली नाही.

दुसरी शंका नावाची. मी पाखराला नाव दिलं उमाचं. लॅटिनमध्ये बाईच्या नावाला शेपूट लावावं लागतं; सासरी आली की बाईचं नाव बदलतं, लॅटिनमध्ये गेली की पुन्हा बदलतं. तर संपादक लिहितात, "बेल हा शंकराचा वृक्ष, त्यावरील कीटकास पार्वतीचे नाव, कल्पना रम्य आहे. देवीवरून दिले, एवढे कळवावे." हो म्हटलं की मी सुटलो, पण मग पाखरू देवीचं होणार, आणि देवीला काय कमी आहे? नाही म्हणायचं तर लिहावं लागतं, माझ्या पत्नीवरून, आणि पुढं तिचं नाव. तिथं पेन अडतं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. मी बाहेरच्या खोलीतून म्हणायचो, "ऐकलं का?" ती चुलीपासून म्हणायची, "ऐकून राहिले की." झालं, एवढ्यावर संसार झाला. पण शास्त्रात 'ऐकलं का' हे नाव चालत नाही.

त्यात परवा बिलोलीहून मेव्हणा आला, चंद्रप्पा. पत्र वाचलं आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, "दाजी, उमा कोन? आमच्या अक्काचं नाव दानम्मा हाय."

म्हटलं, "चंद्रप्पा, लग्नात बदललं ना. माझ्या आजीचं नाव दानम्मा. आईनं आपल्या सासूचं नाव घेऊन सुनेला हाका कशा मारायच्या?"

"तुमच्या आईची अडचन तुमच्या घरात ठेवा. पाखरू अक्कानं धरलं, तुमच्या आईनं न्हाई. आन् तुमच्या शास्त्रात काय म्हनत्यात, आधीचं नाव खरं का मागनं आलेलं?"

आधीचं. मीच शिकवतो की हे, दरवर्षी, फळ्यावर लिहून.

बसलो मग. लिहिलं, चिठ्ठ्या बदलणार नाही, तेव्हा जिल्हा उस्मानाबाद म्हणायची सवय होती, आता लातूर आहे, गाव सरकलेलं नाही. खाली लिहिलं, उमाच्या जागी दानम्मा करावं, हे नाव देवीचं नसून माझ्या पत्नीचं आहे, पाखरू तिनं धरलं. एका ओळीत बसलं, तुम्हाला सांगतो. पाकीट चिकटवलं. वाटलं, सुटलो.

चंद्रप्पा म्हणाला, "आता एक डाव तोंडानं म्हना. उद्या पोरांना शिकवायचं हाय ना?"

बरोबरच होतं त्याचं. घसा साफ केला. नाव अगदी ओठावर आणलं, तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून म्हणालो, "ऐकलं का?"

"ऐकून राहिलो की, दाजी," चंद्रप्पा म्हणाला.

आता त्याला काय सांगू, बाबा, तुला नाही म्हणालो...